थोरल्यांचा आकडा

नर्स इनओकने थोरल्या आजींच्या कमरेवरची औषधाची जुनी पट्टी एका कोपऱ्यातून उचलली आणि दुसऱ्या हाताने कातडी धरून ती हळूहळू सोलायला घेतली. एक्याण्णव वर्षांची कातडी म्हणजे दुधावरची साय. घाई केली तर पट्टीबरोबर तीही निघून यायची.

“उरक गं,” थोरल्या म्हणाल्या. “सूप निवतंय.”

“दुखत नाहीये ना?”

“पट्टी काढताना कोणाला दुखतं? लावायच्या आधी दुखतं.”

बाकीच्या हसल्या. जानेवारी संपत आला होता, शेतं गोठून पडली होती, आणि दोलसेम गावातल्या म्हाताऱ्या सकाळी नऊला चालताना आधाराच्या आपापल्या ढकलगाड्या बैठकघराच्या दारात लावून आत येत, त्या ऊन उतरल्यावरच उठत. बैठकघराच्या जमिनीखालून ऊब खेळवलेली होती, पण ती सगळीकडे सारखी पोचत नसे. बॉयलरच्या भिंतीलगतची जागा सगळ्यात ऊबदार, ती थोरल्यांची. त्यांच्या शेजारी शहाऐंशीची नामवनवाली, तिच्या पलीकडे ऐंशीची गुऱ्येवाली. आणि अगदी दाराशी, स्वयंपाकघराला लागून, जिथे फटीतून वारा येतो तिथे बोसंगवाली, या घोळक्यातलं त्र्याहत्तर वर्षांचं शेंडेफळ. वयाप्रमाणे ऊब, असा हा कुठेही न लिहिलेला कायदा होता आणि तो मोडायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

या डोंगराळ मुलखात बाईचं नाव लग्नाच्या दिवशी माहेरी राहतं आणि माहेरच्या गावाचं नाव तिच्याबरोबर सासरी येतं. म्हणून नामवनची ती नामवनवाली, बोसंगची ती बोसंगवाली. थोरल्याही सुंचनहून आलेल्या, पण त्यांना सुंचनवाली म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. गावातल्या सगळ्या सुना त्यांना जाऊबाई म्हणत. नात्याने त्या कोणाच्याच जाऊ लागत नव्हत्या, आणि मानाने सगळ्यांच्या होत्या.

इनओकने नवी पट्टी चिकटवली, थोरल्यांचा स्वेटर खाली ओढला आणि पिशवीतून कार्ड काढलं. शून्य ते दहा आकडे, शून्यापाशी हसरं तोंड, दहापाशी रडणारं. वर्षभरापूर्वी जिल्ह्याहून हे कार्ड आलं, कार्डामागोमाग तक्ता आला, आणि तेव्हापासून दर मंगळवारी उपकेंद्राची ही एकुलती एक नर्स बैठकघरात येऊन सगळ्यांचं दुखणं एका बैठकीत मोजून नेत असे. घरोघर हिंडायचे दोन दिवस त्यामुळे वाचत.

“बरं, आजी. आज किती?”

“तीन,” थोरल्या कार्डाकडे न बघताच म्हणाल्या.

“नामवनच्या आजी?”

“अडीच.”

“अहो, दर वेळी काय अडीच? तक्त्यात अर्धा नसतो. दोन लिहू की तीन?”

“तीन कशी लिहितेस? नाकापेक्षा मोती जड होईल.” नामवनवालीने कार्ड हातात घेऊन लांब धरलं. “आणि हा दहावाला बघ, हुबेहूब आमचे हे. दारूची बाटली रिकामी झाली की अस्सेच दिसायचे.”

इनओकने हसत हसत दोन लिहिला. गुऱ्येवालीनेही दोन सांगितला. तिने विणकामातून मान वर केली नव्हती.

“माझा एक!” स्वयंपाकघरातून बोसंगवाली ओरडली. “एक लिहा, सिस्टर, आणि ताटावर बसा!”

पाठोपाठ ती दारात आली. दोन्ही हातांत वाळवलेल्या मुळ्याच्या पाल्याच्या सुपाचं पातेलं, त्यावर वाफ. डावा पाय उंबऱ्याला अडला, पातेलं चौकटीवर आपटलं आणि थोडं सूप जमिनीवर सांडलं. ती तिथेच थांबली. चौकटीला खांदा टेकून, डोळे मिटून, दोन-तीन श्वास उभी राहिली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“काय झालं, मावशी?”

“काही नाही हो. जमीन जरा वर आली.”

सगळ्या खदखदून हसल्या. इनओकही हसली, पण जेवताना तिचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या पायाकडे गेलं. बोसंगवाली तो पसरून, उशीखाली लपवून बसली होती. भात वाढायला मात्र प्रत्येक वेळी तीच उठत होती, कारण ती सगळ्यांत लहान होती.

इनओकच्या पिशवीत जिल्ह्याचं परिपत्रक होतं. जुनाट दुखण्यावर इलाज करणारा डॉक्टर महिन्यातून दोनदा तालुक्याला येणार, रुग्णांना न्यायला गाडी येणार, इंजेक्शनं, व्यायाम, सगळं होणार. जागा फक्त बारा. ज्याचा आकडा सात किंवा त्याच्या वर, त्याचंच नाव पाठवायचं, पुढच्या शुक्रवारच्या आत. इनओकने आपल्या चार गावांचे तक्ते चाळले होते. दोलसेममधून एकही नाव निघत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा जरासा अभिमानच वाटला होता. नऊ वर्षं राबून आपण या म्हाताऱ्या कशा ठणठणीत ठेवल्या आहेत, असं.

गुरुवारी ती बोसंगवालीच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला तिच्या घरी गेली. फाटक उघडंच होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

अंगणातून ओसरीवर जायला तीन दगडी पायऱ्या होत्या. बोसंगवाली त्यांच्याकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसली होती. तिने दोन्ही हात मागे टेकले, बूड वरच्या पायरीवर नेलं, मग विजारीचं कापड मुठीत धरून डावा पाय उचलला आणि आपल्याजवळ आणून ठेवला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. पाल्याची टोपली तिने दातात धरली होती. पुढची पायरी चढताना तिच्या घशातून एक बारीक आवाज आला आणि टोपली खाली पडली.

इनओकने जाऊन टोपली उचलली.

“एक?” ती म्हणाली.

बोसंगवालीने तिच्याकडे बघितलं आणि चोरी पकडल्यासारखी लाजली.

“आत या ना, सिस्टर. सातूचा चहा टाकते.”

“चहा नको. कधीपासून हे?”

“बर्फावरून घसरले ना, तेव्हापासून. गेल्या नाही, त्याच्या आदल्या हिवाळ्यात. कमरेतून सणक निघते ती थेट अंगठ्यापर्यंत. सकाळी जास्त.”

“दोन वर्षं! आणि दर मंगळवारी मला ओरडून एक सांगता?”

“मग काय सांगू?” बोसंगवाली चिडली. “जाऊबाई तीनवर बसल्यात. नामवनवाली अडीच. गुऱ्येवाली दोन. माझ्यासाठी उरलं काय? एक. शून्य म्हणाले असते, पण ते खोटं झालं असतं.”

इनओक पायरीवर तिच्या शेजारी बसली. आधी तिला हसू आलं, मग ते मध्येच कुठेतरी विरलं.

“मावशी, या काय बसायच्या जागा आहेत? ज्याचं दुखणं त्याचं.”

“तुम्हाला म्हणायला काय जातंय! त्यांची कंबर काटकोनात वाकली आहे. पाच बाळंतपणं केली, त्यातली दोन पोरं स्वतःच्या हाताने पुरली. त्या तीन म्हणतात. आणि त्यांच्या देखत मी, काल आलेली, आठ म्हणू? लहान तोंडी मोठा घास. माझ्याच्याने नाही गिळायचा.” काल आलेली म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली.

“आठ आहे म्हणजे.”

बोसंगवालीने विजारीवरची माती झटकली.

“बरं, इथे कोणी नाही. मला सांगितलंत, मी लिहून घेते. तुमचं नाव जाईल, गाडी येईल.”

“गाडी कुठे येईल? बैठकघराच्या दारात. आणि मी ऐटीत चढून बसणार आणि जाऊबाई आपल्या ढकलगाडीला धरून खाली उभ्या राहून बघणार? त्यापेक्षा हा पाय तोडून टाका.” तिने डोळे पुसले आणि टोपली ओढून घेतली. “तुम्ही लिहिलंत तर मी म्हणेन, सिस्टरला चुकीचं ऐकू आलं. सांगून ठेवते.”

उपकेंद्रात परतल्यावर इनओकने वर्षभराचे तक्ते टेबलावर पसरले. बावन्न मंगळवार. तीन, दोन, दोन, एक. तीन, दोन, दोन, एक. मध्ये थोरल्या सर्दीच्या गोळ्यांनी गुंगल्या होत्या तेव्हा त्या दोन म्हणाल्या होत्या, आणि त्या आठवड्यात नामवनवालीचं आणि गुऱ्येवालीचंही दुखणं कमी झालं होतं. हे समोर असून तिला दिसलं नव्हतं. ती काही परदेशातून आलेली नव्हती. जिल्ह्याच्या कचेरीतल्या जेवणाला जाई तेव्हा मोठ्या साहेबाने चमचा उचलल्याशिवाय तीही उचलत नसे. दोन दिवस वाचवण्यासाठी आपण या बायकांना रांगेत बसवून त्यांची दुखणी विचारली, आणि त्यांनी रांगेत बसवल्यासारखीच उत्तरं दिली. तिला स्वतःची फार लाज वाटली.

शनिवारी सकाळी ती थोरल्यांच्या घरी गेली. थोरल्या जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. कंबर इतकी वाकलेली की नाक जवळजवळ लसणाला टेकत होतं. आज शनिवार, पट्टीचा दिवस नाही, मग ही का आली, हे त्यांनी विचारलं नाही. एक सुरी पुढे सरकवली. इनओकही सोलू लागली.

तिने सगळं सांगितलं. पायऱ्या, टोपली, आठ, एक. थोरल्या ऐकत राहिल्या. त्यांचा हात थांबला नाही, पण एकच पाकळी त्या बराच वेळ सोलत होत्या.

“म्हणजे माझ्यामुळे ती लंगडतेय,” त्या शेवटी म्हणाल्या.

“तसं नाही, आजी.”

“तसंच आहे. गोड बोलू नकोस, तुला जमत नाही.” त्यांनी पाकळी वाडग्यात टाकली. “गाढवीण मेली. माझ्या तोंडाकडे बघून दुखतं का कोणाला? सांगायचं ना सरळ. मी काय खाल्लं असतं तिला?”

इनओकने पुढची पाकळी घेतली. खाल्लं असतं, हे दोघींनाही माहीत होतं.

“आजी, मंगळवारी तुम्ही जरा मोठा आकडा सांगाल का? सगळ्यांसमोर. तुम्ही नऊ म्हणालात, दहा म्हणालात, की खाली जागा होईल. मग ती बोलेल.”

थोरल्यांनी सुरी खाली ठेवली.

“मी तीन का म्हणते, माहीत आहे तुला?”

“तीनच दुखत असेल म्हणून.”

“त्या भिंतीपलीकडे बघ.”

इनओकने दार सरकवून बघितलं. शेजारचं घर बंद होतं. अंगणात सोयाबीनच्या आंबवणाचे सात-आठ काळे रांजण ओळीने उभे होते, स्वच्छ पुसलेले.

“हाम्यांगवाली,” थोरल्या म्हणाल्या. “गेल्या थंडीत तिने तुमच्या जिल्ह्याच्या बाईला सांगितलं, फार दुखतं, रात्रभर झोप नाही. खरंच दुखत होतं तिचं. कागद वर गेला. कागद वर गेला की पोरांचा फोन खाली येतो. शनिवारी दोघं मुलगे गाडी घेऊन आले. म्हणाले, आई, तपासणीला चल. ती चप्पल घालून गेली, साधी अंगणातली चप्पल. ती अजून तिकडेच आहे, म्हाताऱ्यांच्या इस्पितळात, सहा खाटांच्या खोलीत. ऊन पडलं की मी जाऊन तिच्या रांजणांची झाकणं उघडते. रांजणांना काय माहीत मालकीण नाही ते.”

बाहेर कोंबडा उगीचच ओरडला. थोरल्यांनी पुन्हा सुरी घेतली.

“माझा पोरगा तिकडे चांगवन शहरात असतो. वाईट नाही तो. वाईट असता तर सोपं होतं, मी ऐकलं नसतं. दर रविवारी फोन करतो, आई, एकटी कशी राहतेस, आई, मला झोप लागत नाही. त्याने माझ्यासाठी तशीच एक जागा बघूनही ठेवली आहे, मला सुनेने सांगितलं. त्याला फक्त एक आकडा पाहिजे.”

इनओकने हातातला लसूण खाली ठेवला. मग जे बोलली ते नर्सने बोलायचं नव्हतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

“आजी, असं करू. तुम्ही तोंडाने दहा म्हणा. मी पेन्सिलीने लिहीन. बाकीच्यांचं झालं की तुमचा खोडून तीन करीन. चांगवनला काही कळणार नाही.”

“सरकारी कागदात खोटं लिहिशील?”

“लिहीन.”

थोरल्यांनी मान वळवून तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तेवढं करायलाही त्यांना सगळं अंग फिरवावं लागे.

“बघू,” त्या म्हणाल्या. “तो लसूण घेऊन जा. तुझ्या हातचा सोललेला मला नको, निम्मा वाया घालवलास.”

मंगळवारी बैठकघरात नेहमीसारखीच गडबड होती. नामवनवाली पत्त्यांचा डाव मांडून बसली होती आणि गुऱ्येवालीला उघड उघड फसवत होती. बोसंगवाली स्वयंपाकघरात कांद्याची पात चिरत होती. इनओकची नजर चुकवायला ती वाकून चिरत होती, हे दारातूनही दिसत होतं. इनओकने तक्ता मांडीवर घेतला. पेन्सिलीचं टोक तिने दोनदा तपासलं.

“आजी, आज किती?”

थोरल्या गप्प राहिल्या. इतक्या वेळ की नामवनवालीने पत्त्यांतून मान वर केली. एरवी ‘तीन’ म्हणायला त्यांना खोकायला लागावा तेवढाही वेळ लागत नसे.

“ते कार्ड दे इकडे.”

इनओकने कार्ड दिलं. थोरल्यांनी ते जमिनीवर ठेवलं, हसऱ्या तोंडापासून एकेका आकड्यावर बोट टेकवत गेल्या आणि शेवटच्या रडणाऱ्या तोंडावर थांबल्या.

“दहा,” त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला.

“जाऊबाई!” गुऱ्येवाली म्हणाली आणि तिच्या हातातले पत्ते सगळ्यांना दिसले.

“काय जाऊबाई? एक्याण्णव वर्षांची आहे. दुखायला नको?”

नामवनवालीने क्षणभर त्यांच्याकडे टक लावून बघितलं. मग पत्ते टाकून ती इनओककडे वळली.

“माझे नऊ लिही.”

“आजी, गेल्या आठवड्यात अडीच होते.”

“गेल्या आठवड्यात थंडी कमी होती. नऊ. आणि तुमच्या त्या अर्ध्याचं काही जमत असेल तर साडेनऊ.”

गुऱ्येवालीने सात सांगितले. मग स्वतःच दचकली, कारण तिला वाटलं होतं आपण चार-पाच म्हणू. ती दोन्ही गुडघे चोळत म्हणाली, “सातच असतील गं. उठताना तर सातच.” मग सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

बोसंगवाली दारात उभी होती. हातात पात, हात ओले.

“माझे... दोन लिहा, सिस्टर.”

“दोन?” थोरल्यांचा आवाज चढला. या वयात तो एवढा चढतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. “मी दहावर जाऊन बसले, ती काय तुला दोन म्हणायला? एवढी मोकळी जागा सोडली आहे तुझ्यासाठी, ती काय पडीक ठेवायची आहे? नीट सांग!”

बोसंगवालीचे ओठ हलले. तिने आधी थोरल्यांकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायला तिला हात मोकळे नव्हते.

“आठ,” ती म्हणाली. “आठ आहेत, जाऊबाई. सकाळी उठताना नऊ. पायरी चढवत नाही मला. मी बूड टेकत चढते.”

“मग रोज उठून भात कशाला वाढतेस, अवदसे?”

“मी लहान आहे ना.”

थोरल्यांनी आपल्या शेजारची उशी उचलून बाजूला केली आणि ऊबदार जमिनीवर हाताने थापटलं.

“इकडे ये. बस. गुऱ्येवाले, ऊठ, आज तू वाढ. सातवाल्यांना वाढता येतं.”

त्या दिवशी सुपात मीठ दुप्पट पडलं होतं आणि सगळ्यांनी ते दोन-दोन वाट्या घेतलं. बोसंगवाली थोरल्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. जेवता जेवता ती तिथेच पेंगायला लागली. नामवनवालीने तिच्या अंगावर रजई टाकली आणि पत्त्यांत पुन्हा फसवायला सुरुवात केली. इनओकला इतका आनंद झाला होता की तिला डाव कळत नसतानाही ती बघत बसली.

चारच्या सुमाराला ती थोरल्यांना घरी सोडायला गेली. थोरल्या ढकलगाडीवर भार देऊन एकेक पाऊल टाकत होत्या, मध्ये मध्ये थांबून कोणाच्या कुत्र्याला, कोणाच्या कोसळलेल्या बांधाला नावं ठेवत होत्या. हे थांबणं नेहमीचंच होतं. ओसरीवर पोचल्यावर इनओकने त्यांना बसवलं आणि स्वतः खाली पायरीवर बसून तक्ता काढला.

“आजी, काय नटी आहात हो तुम्ही! क्षणभर मलासुद्धा खरं वाटलं.”

थोरल्या नुसत्या हुंकारल्या.

“मावशींचं नाव आजच पाठवते. आठला जागा नक्की मिळेल. आता तुमचा दहा खोडते आणि ठरल्याप्रमाणे तीन करते.” तिने खिशातून खोडरबर काढलं.

ते कागदाला लागायच्या आत थोरल्यांचा हात कागदावर आला.

“तो राहू दे.”

“इथे कोणी नाही, आजी. बैठकघरात म्हणालात तेवढं पुरे. काम झालं.”

“काम झालं ते बघितलं मी. राहू दे.”

“अहो, पण दहा वर गेला तर चांगवनला फोन जाईल.”

“जाईल.”

इनओकला कळेना. तिने त्या हाताकडे बघितलं, मग थोरल्यांच्या तोंडाकडे. थोरल्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

“नामवनवालीचे नऊ खोड हवं तर,” त्या म्हणाल्या. “ती लबाड आहे. तिचे असतील पाच-सहा. गुऱ्येवाली खरं बोलली. बोसंगवाली खरं बोलली.”

आणि त्या थांबल्या.

इनओकने रबर मुठीत धरलं. नऊ वर्षं दर मंगळवारी तिने या बाईची पट्टी बदलली होती आणि दर मंगळवारी हिने तिला उरक म्हणून हाकललं होतं. रडू येईल असं तिला वाटलं. पण थोरल्यांना ते आवडलं नसतं, म्हणून तिने मांडीवरचा तक्ता सरळ केला.

“कधीपासून, आजी?”

“तू यायच्या आधीपासून.”

“मग एवढी वर्षं...”

“आज पोरगी समोर उभी राहून रडली ना. तिने सगळ्यांसमोर खरं सांगितलं. मी तिला दटावून ते बोलायला लावलं, आणि मीच घरी येऊन खोडू?” थोरल्यांनी हात काढून घेतला आणि तो दुसऱ्या हाताने चोळला. “पोराला फोन तूच कर. मला त्याच्याशी भांडवत नाही. सांग, आईला त्या डॉक्टरकडे न्यायचं आहे आणि परत आणायचं आहे. परत आणायचं आहे, हे दोनदा सांग.”

“सांगते.”

“सूनबाईलाही सांग. ती शहाणी आहे.”

इनओकने मान डोलावली. तिने रबर पिशवीत टाकलं, पेन्सिलही टाकली, आणि पेन काढून त्या दहावरून शाई फिरवू लागली. थोरल्या वाकून, अगदी कागदापर्यंत वाकून, ते बघत होत्या.

“शून्य नीट काढ,” त्या म्हणाल्या. “नाहीतर एक समजून सोडून देतील मला.”